पुण्यात आपला कोणी मामा नाही

ऐका हो ऐका! गोंदिया जिल्ह्यातील तमाम जनतेला अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, पुणे शहरात आपला कोणीही मामा राहत नाही. मामी नाही, मावशी नाही, काका तर अजिबात नाही. असा नातेवाईक स्टेशनवर, बसस्टॉपवर किंवा रिक्षात आढळल्यास आपली बॅग छातीशी धरून तत्काळ पळ काढावा. हुकुमावरून!

हे मी देवरीच्या आमच्या ट्रेनिंग सेंटरमध्ये टेबलावर चढून, स्टीलच्या ताटलीवर चमचा बडवत म्हणत असे. समोर बावीस पोरी. पहिल्या ओळीतल्या तोंडावर ओढणी धरून खुदखुदायच्या, मागच्या ओळीतल्या मोकळ्या हसायच्या. त्या दिवशी मधल्या ओळीतून एक हात वर आला.

"सर, मंग रिक्शावाल्याले का म्हनाचं जी?"

"काही म्हणायचं नाही. कुठे जायचं ते सांगायचं आणि बसायचं."

"असं कसं जी? मानूस आहे, काहीतरी तं म्हनाच लागते न!"

हात करिष्मा मेश्रामचा होता. चिचगडच्या बाजूच्या गावातली, बारावी झालेली. हिच्याएवढी बोलकी मुलगी मी आजवर पाहिलेली नाही, आणि मी स्वतःला रोज आरशात पाहतो.

माझं पद सॉफ्ट स्किल्स ट्रेनर. म्हणजे नेमकं काय, ते माझ्या बायकोलाही अजून समजलेलं नाही. आमच्या सेंटरमध्ये मुलींना हॉस्पिटलमधल्या सहायकाचं काम शिकवतात. पेशंटची कूस बदलणं, त्याला भरवणं, बेडपॅन देणं, व्हीलचेअर ढकलणं. ते शिकवायला एक निवृत्त नर्सबाई आहेत. उरलेलं सगळं माझ्याकडे. इंटरव्ह्यूला कसं बसायचं, एटीएम कसं वापरायचं, आणि मोठ्या शहरात कसं राहायचं. कोर्स संपला की मुलीला नोकरी मिळवून देणं म्हणजे प्लेसमेंट. ती मुलगी तीन महिने तिथे टिकली की ते रिटेन्शन. टिकली की नाही हे फोन करून विचारणं म्हणजे ट्रॅकिंग कॉल. एवढी तीन इंग्रजी नावं पाठ असली की आमच्या धंद्यात माणूस विद्वान ठरतो.

माझी आणखी एक ओळख सांगायला हवी, कारण गुन्ह्याचं मूळ तिथे आहे. झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या, नाटकांत मी अठरा वर्षं खलनायक करतो. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडईला नाटक लागतंच. मी स्टेजवर आलो की बाया बोटं मोडतात. एकदा एका म्हातारीने मला चप्पल फेकून मारली होती. ती चप्पल मी पुरस्कार समजून घरी आणली.

तर हा वर्ग मी मजेखातर सुरू केला नव्हता. त्याआधीच्या एका बॅचमधली मुलगी पुणे स्टेशनवर उतरली. एक बाई गोड बोलत शेजारी बसली. "बाळा, जेवलीस का? कुठल्या गावची गं तू?" मुलीने गाव सांगितलं, आईबापाचं नाव सांगितलं, आणि बाईच्या भरवशावर बॅग ठेवून पाणी आणायला गेली. परत आली तेव्हा बाई नव्हती, बॅग नव्हती, बॅगेतली सगळी मूळ कागदपत्रं नव्हती. मुलगी तशीच परत आली आणि पुन्हा कुठे गेली नाही. तिच्या वडिलांनी सेंटरवर येऊन मला एकच विचारलं, "सर, तुमी सांगतलं नवतं का इले?"

मी सांगितलं नव्हतं. कारण हे सांगायचं असतं हेच मला सुचलं नव्हतं. आमच्याकडे कोणी अनोळखी दिसला की पहिला प्रश्न ठरलेला, "कोन्या गावचे जी?" त्यात चौकशी नसते. तो आमचा नमस्कार आहे. उत्तर मिळालं की दोघं मिळून एखादं समाईक नातं शोधतात, आणि ते सापडतंच. नाही सापडलं तर बनवतात.

म्हणून मी मॉक सुरू केले. मॉक म्हणजे लुटुपुटूची परीक्षा. बाहेरच्या व्हरांड्यात मुलीने बॅग घेऊन उभं राहायचं आणि मी तऱ्हेतऱ्हेचा भामटा होऊन यायचं. कधी खोटा पोलीस, कधी खोटा कंपनीवाला. पण माझी सर्वोत्तम भूमिका होती पुणेरी काकूची. डोक्यावर ओढणी, हातात डबा, आवाजात साय. "अगं बाळा, दमलीस का गं? जेवलीस का? ये, बस जरा."

पहिल्या मॉकमध्ये करिष्माने काकूला दोन मिनिटांत गाव सांगितलं, पाच मिनिटांत काकूची आणि स्वतःच्या आत्याची सोयरीक जुळवली आणि शेवटी चुलतभावाच्या लग्नाचं आवतन दिलं. वर काकूलाच विचारलं, "तुमी जेवल्या का जी? उनाच्या फिरून राहिल्या." दुसऱ्यांदा खोट्या पोलिसाला तिने बसायला खुर्ची आणून दिली. वर्ग हसून लोळत होता. मीही हसत होतो, पण मला ती कागदपत्रं गेलेली मुलगी आठवत होती.

मग मी तिला सूत्र दिलं. तोंड बंद, पाय चालू. कोणी गोड बोललं की ओठ मिटायचे आणि चालायला लागायचं. "आणि लक्षात ठेव," मी म्हणालो, "जो जास्त गोड, तो जास्त खतरनाक. कोणी काही चिठ्ठीचपाटी दिली, मेसेज पाठवला, तर फेकायचा नाही. पुरावा म्हणून जपून ठेवायचा."

"सारेच गोड बोलनारे खराब असतात का जी?"

"सगळे नसतात. पण तुला ओळखता येणार आहे का?"

तिसऱ्या मॉकला काकू आली, "बाळा, जेवलीस का?" म्हणाली, आणि करिष्मा दगडासारखा चेहरा करून माझ्या बाजूने निघून गेली. मी मागे लागलो, रडलो, चक्कर येऊन पडलो. तिने वळून पाहिलं नाही. वर्गाने टाळ्या वाजवल्या. आमच्या सेंटर मॅनेजर शुक्ला मॅडम दारात उभ्या होत्या. गोंदियाच्या, हिंदीशिवाय बोलत नाहीत. म्हणाल्या, "बिसेन सर, आप डराते बहुत अच्छा हो."

त्या टाळ्या करिष्मासाठी होत्या असं मी तेव्हा म्हणालो. खरं सांगायचं तर मी वाकून त्या स्वतः घेतल्या.

पोळ्यानंतर तीन मुली पुण्याला गेल्या. दोघी हॉस्पिटलच्या पिंपरीच्या शाखेत, करिष्मा एकटी मुख्य हॉस्पिटलला, स्त्रियांच्या वॉर्डात. तिला नर्स व्हायचं होतं. तिच्या गावच्या उपकेंद्रात सिस्टर येते तेव्हा येते. ती खुर्ची करिष्माने मनात बुक करून ठेवली होती. एक ट्रस्ट दरवर्षी काही मुलींना नर्सिंगच्या कोर्सला पाठवतो. त्यांची अट एकच, वॉर्डात पेशंटसोबत काम केल्याचा दाखला. हॉस्पिटलचे पहिले तीन महिने प्रोबेशन, म्हणजे परीक्षेचे. ते पार पडले की ती वॉर्डात पक्की, वर्ष भरलं की दाखला. सगळं त्या तीन महिन्यांवर होतं.

पहिला ट्रॅकिंग कॉल मी केला.

"कशी आहेस गं?"

"चांगली आहो सर. तोंड बंद, पाय चालू."

मी स्टाफरूममध्ये हे सगळ्यांना दोनदा ऐकवलं. तिच्या आवाजासकट. लोक हसले. तिने त्या कॉलवर एकही प्रश्न विचारला नव्हता, हे माझ्या कानाला लागलं नाही. करिष्माने प्रश्न विचारला नाही, हे खरं तर वर्तमानपत्रात छापून यायला हवं होतं.

दिवाळी झाली आणि हॉस्पिटलमधून फोन आला. वॉर्डच्या इन-चार्ज गायकवाड सिस्टर.

"सर, तुमची करिष्मा. कामाला सोनं आहे. वेळेवर येते, स्वच्छ आहे, किळस नाही. पण पेशंटशी बोलत नाही हो."

"करिष्मा? आमची?"

"तुमचीच. काल एका आजींनी तिचा हात धरला आणि विचारलं, बाळा, जेवलीस का? तर हिने हात सोडवला आणि बेडपॅन घेऊन निघून गेली. आजी दिवसभर विचारतायत, माझं काही चुकलं का म्हणून. असं तीनचार वेळा झालंय. बायका ऑपरेशनच्या आधी घाबरलेल्या असतात. त्यांना कोणीतरी बोलणारं लागतं. इंटरव्ह्यूत ही किती बोलली होती! त्याच्यावरच तर घेतली मी हिला."

"मी बोलतो तिच्याशी."

"बोला. या महिन्याच्या शेवटी रिव्ह्यू आहे."

मी लगेच फोन लावला.

"करिष्मा, पेशंटशी बोलायचं असतं गं."

"पेशंट अनोळखी नाई का जी?"

"आहे. पण तो झोपलेला अनोळखी आहे. तो काय करणार?"

"आन् उठून बसला तं?"

अठरा वर्षांत स्टेजवर माझी अशी बोलती कोणी बंद केली नव्हती. मी घाईघाईने नवा नियम काढला. युनिफॉर्म अंगावर असला की बोलायचं, उतरवला की बंद.

"मी बोलून पाह्यलं जी. पन थ्या आजी 'बाळा' म्हनल्या का तुमचाच आवाज येते मले. तुमी ओढनी घेऊन उभे दिसता. मंग हासू बी येते आन् भेव बी लागते. हासली तं आजीले वाईट वाटन म्हून मी निंगून जातो."

मी हे शुक्ला मॅडमना सांगितलं. त्या या वेळी हसल्या नाहीत.

"सर, ये फोन से नहीं होगा. भूत आपने चढ़ाया है, आप ही उतारो. जाके आओ पुणे. कल की गाड़ी से."

"मॅडम, पुढच्या आठवड्यात नवीन बॅच सोडायला जायचंच आहे. तेव्हा जातो."

"रिव्ह्यू उसके पहले हुआ तो?"

"महिन्याच्या शेवटी आहे म्हणाल्या सिस्टर. मी येतोय म्हणून त्यांना कळवतो. वेळ आहे."

वेळ होता, हे खोटं नव्हतं. पण पूर्ण खरंही नव्हतं. शुक्रवारी साकोलीच्या बाजूच्या एका गावात मंडई होती आणि माझं नाटक होतं. सावकाराची भूमिका, दुसऱ्या अंकात सात मिनिटांचं स्वगत. ते सोडून पुण्याला जाणं माझ्याच्याने झालं नाही. नाटक झकास झालं. बायांनी बोटं मोडली.

पुण्याला मी बुधवारी पोहोचलो. नव्या मुलींना जागेवर सोडलं आणि हॉस्पिटलमध्ये गेलो. गायकवाड सिस्टर टेबलाशी बसून फाइल लिहीत होत्या. साधारण माझ्याच वयाच्या, चष्मा कपाळावर.

"बिसेन ना तुम्ही? बसा. रिव्ह्यू झाला सोमवारी."

"सोमवारी? महिनाअखेर म्हणाला होतात."

"मेट्रनला रजेवर जायचं होतं, म्हणून आठ दिवस आधी घेतला. मी त्यांना सांगून पाहिलं, तिचे सर येतायत, समजावतायत. मला वाटलं शनिवारपर्यंत तरी याल."

शनिवारी मी मंडईच्या गावाहून परत येऊन घरी झोपलो होतो.

"काढून टाकली का हो तिला?"

"नाही हो, काढू कशी? एवढी प्रामाणिक पोर. लिननला दिली. चादरी, गाऊन, टॉवेल. मोजायचे, घड्या घालायच्या, वॉर्डांना पाठवायचे. तिथे कोणाशी बोलावं लागत नाही."

"आणि वॉर्डचा दाखला?"

"लिननचा मिळेल. जे केलं त्याचाच देणार ना आम्ही?"

मी त्यांना सगळं सांगितलं. काकूची भूमिका, ओढणी, सूत्र. त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि माझ्याकडे नीट पाहिलं.

"म्हणजे ती घाबरत होती? आम्हाला वाटलं शिष्ट आहे."

मग म्हणाल्या, "सर, मी सातारची. पहिल्यांदा मुंबईत आले तेव्हा मलाही घरच्यांनी दम दिला होता. पण सोबत एका मावशीचा पत्तापण दिला होता. तुम्ही हिला कोणाचा पत्ता दिलात?"

मी तिला माझा फोन नंबर दिला होता. गोंदिया जिल्ह्यातला.

पुढचं आधीच सांगून टाकतो. करिष्माने वर्षभर चादरी मोजल्या. ट्रस्टचा अर्ज भरला तेव्हा दाखल्यावर लिनन विभाग लिहिलेलं होतं आणि तो अर्ज परत आला. मी दोनदा पत्र लिहिलं, एकदा स्वतः जाऊन हातापाया पडलो. ते अभिनय नव्हतं, म्हणूनच बहुधा जमलं नाही. ती आता तिथेच आहे, लिननमध्ये तिला सीनियर केलंय. आमच्या कागदावर तिच्या नावापुढे रिटेन्शन आहे, हिरव्या शाईत. गावच्या उपकेंद्रात सिस्टर अजून येते तेव्हा येते.

मी वर्ग अजून घेतो. भामटे अजून आहेत, बॅगा अजून जातात, त्यामुळे दवंडी देतोच. काकू मात्र बंद केली. आता मी मुलींना सांगतो की शहरात गेल्यावर पहिल्या आठवड्यात तीन माणसं शोधा. एक कामावरचं, एक राहण्याच्या जागेतलं, एक दुकानदार. त्यांना दिवसाउजेडी, चारचौघांत पारखा, आणि मग खुशाल विचारा, कोन्या गावचे जी. ट्रॅकिंग कॉलवर मी त्या तिघांची नावं विचारतो. नावं आली नाहीत तर मी गाडीत बसतो. मंडई असली तरी. घाबरायला शिकवणं सोपं असतं, त्याला टाळ्याही पडतात. भीती कुठे उतरवून ठेवायची हे शिकवायला जास्त वेळ लागतो, आणि तो तास माझ्या टाइमटेबलमध्ये नव्हता.

त्या बुधवारचं एक सांगायचं राहिलं. हॉस्पिटलमधून मी तिच्या खोलीवर गेलो. जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर, लांब गॅलरी, ओळीने दारं. दुपार होती, तिची सुट्टी झालेली. मी जिन्यातूनच हाक मारली आणि ती धावत बाहेर आली.

"सर! तुमी! कवा आले जी? जेवले का? गाडीले लेट झाला का? आमच्या इकडे धान कापले का सारे? बाबा फोनवर काईच नाई सांगत. मंडईत नाटक झालं का तुमचं? मेले का तुमी यंदा बी शेवटाले?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडायचो आणि पुढचा प्रश्न यायचा. तीन महिन्यांचं सगळं त्या गॅलरीत सांडत होतं. लिननमधलं मशीन कसं दणाणतं, पिंपरीच्या दोघी रविवारी कशा येत नाहीत, इथलं पाणी कसं खारं लागतं. ती हसत होती आणि मधेच डोळे पुसत होती. मला माफी मागायची होती, पण तिने जागाच ठेवली नाही.

मग एकदम आवाज खाली करून म्हणाली, "सर, एक दाखवाचं होतं तुमाले. तुमी म्हनलं होतं न, पुरावा जपून ठेवाचा."

तिने आतून प्लॅस्टिकची पिशवी आणली. तीत चिठ्ठ्या होत्या. पन्नासेक तरी असतील. कॅलेंडरच्या मागच्या बाजूला, मोठ्या मोठ्या अक्षरांत लिहिलेल्या.

"हे बाजूची काकू रोज दारापाशी ठेवते जी. संगं डबा बी ठेवते. आवाज नाई देत, दार नाई वाजवत, ठेवून चालली जाते. काऊन करून राहिली असन अशी? मी डब्याले हात नाई लावला एकबी डाव."

मी एक चिठ्ठी उचलली. 'बाळा, जेवलीस का? आज खिचडी आहे.' दुसरी. 'बाळा, ताप आहे का? खुणेने सांग, मी समोरच आहे.' तिसरी. 'माझा पुतण्यापण तुझ्यासारखाच आहे. अशा मुलांची शाळा आहे इथे जवळ. घाबरू नकोस.'

मी ती तिसरी चिठ्ठी पुन्हा वाचत होतो, तेवढ्यात शेजारचं दार उघडलं. साठीच्या एक काकू हातात झाकलेला डबा आणि पेन्सिल घेऊन बाहेर आल्या. करिष्मा अजून बोलतच होती. काकू दारातच थांबल्या. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, परत तिच्या तोंडाकडे पाहिलं, आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं:

"अगं बाई! हिला बोलता येतं?"